औषध न घेताच निबर झालेला फ्लू

अँटिबायोटिकचा अतिरेक झाला की जिवाणू दाद देत नाहीत. मग फ्लूवरच्या टॅमिफ्लू या औषधाचेही तसेच होणार का, असे एका वाचकाने विचारले आहे. उत्तरासाठी नॉर्वेला जायला हवे.

जानेवारी २००८. तिथल्या हंगामी एच१एन१ फ्लूचे बरेच विषाणू टॅमिफ्लूला जुमानत नसल्याचे आढळले. त्या हंगामात हे प्रमाण दोन तृतीयांशांवर गेले, आणि नॉर्वेत तर हे औषध क्वचितच दिले जाई! सर्वाधिक टॅमिफ्लू वापरणाऱ्या जपानमध्ये मात्र ते तीन टक्क्यांच्याही खाली होते. पुढच्या वर्षभरात जगभरचा हंगामी एच१एन१ जवळपास सगळाच प्रतिरोधक झाला.

हा प्रतिरोध ओळखण्याची चाचणी मोठी देखणी आहे. न्यूरॅमिनिडेज हे विकर नव्या विषाणूंना पेशीपासून सोडवते आणि औषध त्यालाच अडवते. प्रयोगशाळेत विकराला एक खास पदार्थ देतात. तो तुटला की अतिनील प्रकाशात चमक उमटते. मग औषधाची मात्रा वाढवत न्यायची. साध्या विषाणूची चमक अत्यल्प मात्रेत मंदावते. प्रतिरोधक विषाणूला शंभर पटींहून जास्त लागते.

कारण एवढेसे: विकरात २७५व्या जागी हिस्टिडीन या अमिनो आम्लाऐवजी टायरोसीन. हा बदल आधीच ठाऊक होता, पण तो झालेला विषाणू म्हणजे लंगडा घोडा, शर्यतीत मागेच पडणार, असा समज होता. २०१० मध्ये जेसी ब्लूम, लिझी गाँग आणि डेव्हिड बाल्टिमोर या संशोधकांनी दाखवले की दुसऱ्या दोन बदलांनी त्याला आधीच सावरून धरले होते. त्यामुळे विकर पेशीच्या पृष्ठभागावर पुरेसे पोहोचत होते. मला हे संशोधन फार मोलाचे वाटते. गोळ्यांचा खप मोजत बसलो असतो, तर नॉर्वेकडे कुणी पाहिलेही नसते. विषाणूच तपासावा लागतो. १९५२ पासून जागतिक आरोग्य संघटनेचे जाळे फ्लूच्या विषाणूंवर नजर ठेवून आहे. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था त्यातलीच.

२००९ च्या स्वाइन फ्लूने त्या जुन्या एच१एन१ला हटवले आणि टॅमिफ्लू पुन्हा लागू पडू लागले. पण २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल परिसरात नव्या विषाणूतही तोच २७५वा बदल आढळला. असा विषाणू सापडलेल्या रुग्णांपैकी एकानेच आधी औषध घेतले होते. तिथेही आधार देणारे दोन बदल सोबत होते आणि पुढे ते या विषाणूत सर्वत्र रुजले. म्हणून आता २७५वी जागा एकटी पाहून भागत नाही, विकराचे सबंध जनुक वाचावे लागते.