क्रियापद आणि वाक्याची घडण

पेल्यात पाणी भरावे, की पेला पाण्याने भरावा? मराठीत दोन्ही प्रयोग शुद्ध होत. ‘भरणे’ हे क्रियापद पाण्यालाही कर्म करते आणि पेल्यालाही. याच सवयीने मराठी विद्यार्थी इंग्रजीत ‘फिल’ या क्रियापदाला पाणी हे कर्म जोडतो, आणि त्या वाक्याखाली तांबडी रेघ ओढली जाते. शब्दाचा अर्थ तर त्याला ठाऊक असतो. मग चूक होते कोठे?

ती होते अर्थाच्या एका सूक्ष्म छटेत. ‘फिल’ हे क्रियापद पात्राची अवस्था सांगते: रिकामे होते, ते भरले. पाणी कोणी ओतले की पावसाने साचले, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. म्हणून त्याचे कर्म पेला. उलट ‘पोअर’, म्हणजे ओतणे, द्रवाची गती सांगते आणि पेला भरला की नाही याविषयी मौन पाळते. म्हणून त्याचे कर्म पाणी. ‘लोड’ या क्रियापदाला मात्र दोन्ही रचना चालतात. तरीही गाडीवर गवत लादणे आणि गाडी गवताने लादणे यांत भेद आहे. गाडी कर्म झाली, की ती पुरती भरल्याचा बोध होतो. गवत कर्म असले, तर गाडीत जागा उरलेली असू शकते.

रशियन भाषेत हे कार्य पुष्कळदा उपसर्ग करतात. ‘लित्’ म्हणजे ओतणे. त्याचे कर्म द्रव. त्याचे ‘ओब्लित्’ झाले, की अर्थ होतो वस्तूवर ओतून ती भिजवणे. मग भिजणारी वस्तू कर्म होते, आणि पाणी आपल्या तृतीयेसारख्या विभक्तीत जाते. ‘झालित्’ला दोन्ही रचना मानवतात: टाकीत पेट्रोल भरणे आणि टाकी पेट्रोलने भरणे. संस्कृतातील ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार असे भिन्नार्थी शब्द होतात. येथे उपसर्गाने अर्थाबरोबर वाक्याची मांडणीही पालटते.

अर्थात साम्य असलेल्या क्रियापदांच्या वाक्यरचनेतही साम्य आढळते, या सूत्राचा शोध यूरी अप्रेस्यान यांनी १९६७ साली रशियन क्रियापदांवरील ग्रंथात घेतला, तर बेथ लेविन यांनी १९९३ साली इंग्रजी क्रियापदांचे वर्ग त्याच आधारे पाडले. परकी भाषा शिकणाऱ्याला यातून एक व्यवहारी वाट सापडते. नव्या क्रियापदापुढे केवळ मराठी प्रतिशब्द लिहून भागत नाही. ते कोणाला कर्म करते, हेही त्याच ओळीत टिपून ठेवावे लागते.