मालवणीचे मनोरे आणि मराठीचा आवाज

मुंबई नभोवाणीचा इतिहास बहुधा आठवणींतून सांगितला जातो. ‘कामगार सभा’, ‘वनिता मंडळ’, ‘गंमत जंमत’, ‘आपली आवड’, ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी ही नावे आली, की एक पिढी हळवी होते. या आठवणी मोलाच्या आहेत; पण केंद्राचे स्वरूप वेळोवेळी का बदलले, हे त्यांतून कळत नाही. ते समजून घ्यायचे तर दोन साधे प्रश्न विचारावे लागतात. पैसे कोण देत होते? आणि आवाज कोणत्या लहरीवरून येत होता?

२३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. प्रक्षेपक अवघा दीड किलोवॉटचा. मुख्य भिस्त श्रोत्यांच्या परवाना शुल्कावर, वर्षाला १० रुपये. सेट महाग, त्यामुळे परवानाधारक मोजकेच. १ मार्च १९३० रोजी कंपनी बंद पडली. महिन्याभराने सरकारने कारभार हाती घेतला आणि ८ जून १९३६ रोजी त्याचे ‘ऑल इंडिया रेडिओ’ झाले.

पैसा सरकारचा झाल्यावर श्रोत्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. श्रोता म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, तर कामगार, गृहिणी, विद्यार्थी, शेतकरी. प्रत्येकासाठी दिवसातली ठरलेली वेळ. या रचनेत उपदेश होता हे खरे, पण गिरणीतल्या माणसाच्या बोलीला मान्यता मिळाली, तीही इथेच.

मात्र मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात चित्रपटगीतांवर बंधने आली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याला उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ आली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथे तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या. इथे पहिली मोठी फाळणी झाली. गाणी आणि जाहिराती हिंदीच्या वाट्याला गेल्या; नाटक, भाषणे, शेती आणि बातम्या मराठीच्या.

आता लहरींकडे वळू. दिंडोशीहून रेल्वेमार्ग ओलांडून पश्चिमेला गेले, की मालाडची खाडी आणि मालवणी लागते. आकाशवाणीचे मध्यम लहरींचे मनोरे इथे आहेत. मराठी वाहिनीची, म्हणजे पुढे ‘अस्मिता’ झालेल्या केंद्राची, कंप्रता ५५८ किलोहर्ट्झ. तिच्या लहरीची लांबी सुमारे ५३८ मीटर भरते. अशा लांब लहरीसाठी उंच मनोरा आणि मोकळी जमीन लागते. ती लहर जमिनीला धरून सरकते, आणि खारी, ओलसर जमीन तिला चांगली साथ देते. म्हणून खाडीकाठ सोयीचा. हीच लहर डोंगर वळसून कोकणातल्या गावांपर्यंत पोचायची. चाकरमानी इथे आणि घर तिकडे एकच कार्यक्रम ऐकू शकत.

एफएमची लहर जेमतेम तीन मीटरची. आवाज स्वच्छ, पण ती साधारण नजरेच्या रेषेत जाते. म्हणजे एफएम मुळातच शहराचे माध्यम. १९९३ साली मुंबईत आकाशवाणीच्या एफएमवरील वेळ खासगी निर्मात्यांना विकण्यात आला. १९९८ मध्ये ते करार संपवले गेले. २००२ मध्ये मुंबईत पूर्ण खासगी केंद्रे आली. परवाना शुल्क वर्षाला सुमारे पावणेदहा कोटी रुपये आणि दरवर्षी त्यात १५ टक्के वाढ. एवढे पैसे जाहिरातींतून काढायचे, तर जास्तीत जास्त श्रोत्यांना चालेल तेच वाजवणे भाग पडले. इंग्रजी वळणाचे ‘गो ९२.५’ही पुढे ‘रेडिओ वन’ होऊन हिंदीकडे गेले. २००५ च्या धोरणाने वार्षिक शुल्क उत्पन्नाच्या चार टक्क्यांशी जोडले, पण गाण्यांचा साचा तोवर पक्का झाला होता. स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा या केंद्रांना नव्हतीच.

या काळात मराठीचे काय झाले? मध्यम लहर पकडायला सेटमध्ये फेराइटची कांडी लागते. मोबाइलमध्ये तिला जागा नाही. एफएमला मात्र इअरफोनची वायर पुरते. भरीस भर म्हणून काँक्रीटच्या भिंती मध्यम लहर दुबळी करतात, आणि चार्जर व एलईडी दिवे तिच्यात खरखर मिसळतात.  ‘मराठी कार्यक्रम कोणी ऐकत नाही’ या विधानात म्हणूनच मोठी गफलत आहे. श्रोत्याने वाहिनी सोडली, त्याआधी वाहिनी त्याच्या हातातल्या यंत्रातून गेली होती.

देशभरात मध्यम लहरींचे अनेक प्रक्षेपक बंद झाले आहेत. वीज आणि देखभाल यांचा खर्च पाहता तो हिशेब चूक म्हणता येत नाही. आकाशवाणी ॲपवर ऐकता येते, ही सोयही खरी. पण ॲपला डेटा लागतो, आणि शेकडो वाहिन्यांच्या यादीतून आपली वाहिनी शोधावी लागते. बटण फिरवताना अवचित मराठी कानावर पडणे त्यात नाही. नाट्य, मुलाखती, कामगारांचे आवाज असे सर्व प्रकार सामावणारी मराठी वाहिनी मुंबईत टिकवायची असेल, तर तिला एफएमवर स्वतःची, कायमची जागा हवी. कोणता कार्यक्रम चांगला, हा वाद त्यानंतरचा. आधी तो ऐकू आला पाहिजे.