टॉप लिंक: आमच्या जुन्या मॅसीचा तिसरा हात

मागच्या भागात बैलांच्या नांगराबद्दल बोललो, तर बऱ्याच जणांनी विचारलं, "ट्रॅक्टरचं कधी सांगणार?" आज तेच. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे इथे लिहून देतोय.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. ऊस आणि काळं भारी रान. मी चौथीत असताना आबांनी तांबडी मॅसी १०३५ सेकंडहँड घेतली. तिच्या तीन सिलिंडरचा आवाज आम्ही पोरं वेशीपासून ओळखायचो. दसऱ्याला आजी तिला ओवाळायची, आणि नांगरट संपली की तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, ओढ्यावर नेऊन तिला बैलासारखी धुवायचे.

तिच्या मागे नांगर तीन ठिकाणी जोडलेला असायचा. खाली दोन हात आणि वर मधोमध एक दांडा, तो टॉप लिंक. मला वाटायचं, नांगर मागे पडू नये म्हणून तो लावलाय. खरं काम वेगळंच.

ही करामत आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनची. आधी नांगर ट्रॅक्टरमागे नुसता ओढून न्यायचे. फाळ खडकात अडकला तरी इंजिन जोर लावतच राहायचं. मग ट्रॅक्टरचं नाक वर उचलायचं आणि सगळं धूड ड्रायव्हरच्या अंगावर उलटायचं. फर्ग्युसनच्या जोडणीत माती नांगराला खालून मागे रेटते, त्यामुळे नांगराचा वरचा भाग पुढे झुकतो आणि टॉप लिंक ट्रॅक्टरला पुढे दाबतो. नाक जमिनीवर राहतं. शिवाय तो दाब सीटमागच्या स्प्रिंगवर येतो. रान कठीण लागलं की लिफ्ट नांगर आपोआप थोडा वर घेते.

ही जोडणी १९३९ मध्ये फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली, १९४६ मध्ये फर्ग्युसनच्या स्वतःच्या टीई-२० वर. १९५३ मध्ये त्याची कंपनी मॅसी-हॅरिसमध्ये मिसळली, आणि १९६० मध्ये मद्रासला सुरू झालेल्या टॅफेने मॅसी आपल्याकडे आणली.

पण हा तिसरा हात तुम्ही वापरला तरच वाचवतो. एकदा बांधावरचं बाभळीचं खोड काढायचं होतं. खाली हुकाला साखळी लावायला वाकावं लागतं, म्हणून तात्यांनी ती वर, टॉप लिंकच्या जागी अडकवली. क्लच सोडला. खोड हललं नाही, पुढची चाकं मात्र उचलली. हातभर, मग कमरेएवढी. आबा ओरडले, "अरं क्लच दाब, क्लच!" तात्यांनी दाबला. चाकं धाडकन खाली आली. त्या दिवशी कोणी जेवलं नाही.

कारण साधं आहे. ओढ मागच्या आसाच्या वर लागली की ट्रॅक्टर त्या आसाभोवतीच मागे फिरतो. ओढ आसाच्या खाली असेल तर तो धोका बराच कमी होतो. म्हणून साखळी नेहमी खालच्या हुकाला, आणि क्लच हळू. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढताना नाक उचलतं, पोरं त्याचे व्हिडिओ काढतात, तेही हेच आहे. त्यात मर्दुमकी नाही. पुढे वजन लावा, भार कमी करा.

आता आबा नाहीत. तात्यांचे गुडघे दुखतात. मॅसी गोठ्याशेजारी उभी असते, अजूनही सुरू होते. गेल्या उन्हाळ्यात पुतण्या म्हणाला, "काका, शिकवा ना." मी किल्ली लगेच दिली नाही. आधी त्याला मागे नेलं, टॉप लिंकवर हात ठेवायला लावला आणि बाभळीची गोष्ट सांगितली. तात्या बाजेवरून म्हणाले, "क्लचचं सांग आधी."

तुमच्या घरचा पहिला ट्रॅक्टर कोणता होता? जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. राम राम!