दुर्गावतीची ती एक रात्र

भेडाघाटला संगमरवरी कड्यांमधून होडी फिरवणारा नावाडी यमकं जुळवत सगळं दाखवतो. वर चौसष्ट योगिनींच्या मंदिरात गेलं, की इथून राणीच्या महालापर्यंत भुयार होतं, असंही कुणीतरी सांगतंच. भुयाराचं राहू द्या. राणी मात्र खरी आणि तिची झुंजही खरी.

दुर्गावती चंदेल राजपुतांची लेक, गढा-मंडल्याच्या गोंड घराण्याची सून. पती दलपतशहा गेला तेव्हा मुलगा वीरनारायण जेमतेम पाच वर्षांचा. त्याला गादीवर बसवून तिने पंधराएक वर्षं राज्य सांभाळलं. वाघ आल्याची वर्दी मिळाली, की त्याला टिपल्याशिवाय ती पाणीही पीत नसे, असं खुद्द अकबराचा चरित्रकार अबुल फजल लिहितो.

या संपन्न राज्यावर 1564 साली अकबराचा सरदार आसफखान चालून आला. राणीजवळ तेव्हा मूठभर फौज. नर्मदा आणि गौर नद्यांच्या बेचक्यात, नरईच्या डोंगराळ भागात तिने मुघलांना गाठलं आणि पहिल्या झुंजीत मागे रेटलं. त्याच रात्री छापा घालावा, असा तिचा आग्रह होता. सरदारांनी मानलं नाही. सकाळी पाहतात तो आसफखानाच्या तोफा खिंडीत येऊन ठाकलेल्या! लढाई खरं तर त्या रात्रीच हातची गेली.

वीरनारायण जखमी झाला. त्याला सुरक्षित जागी धाडून राणी हत्तीवरून लढत राहिली. एक बाण कानशिलात घुसला, दुसरा मानेत. शत्रूच्या हाती लागण्याआधी मला मार, असं तिने आधारला विनवलं. त्याचा हात उचलेना. मग तिनेच कट्यार खुपसून घेतली. तो दिवस 24 जून 1564.

पुढे चौरागड पडला, वीरनारायणही कामी आला. आसफखानाला हजार हत्ती मिळाले. बादशहाकडे त्याने धाडले फक्त दोनशे! नंतर दलपतशहाचा भाऊ चंद्रशहा याला दहा किल्ल्यांच्या बदल्यात राज्य परत मिळालं. आणि हो, 1742 साली याच मंडल्यावर आपले पेशवेही चालून गेले होते, हे मराठी वाचकाने विसरू नये.

राणीच्या समाधीवर वाटसरू आसपासचा एखादा सुंदर स्फटिक वाहून पुढे जातात, असं एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी स्लीमनने लिहून ठेवलं आहे.