चिकलठाणा ते मुंबई : एका तासाचा हिशेब

छावणीतील कुटुंबाला मुंबईस विमानाने जायचे असेल, तर प्रवासाचा आरंभच उलट दिशेने होतो. मुंबई पश्चिमेला, आणि विमानतळ मात्र शहराच्या पूर्वेस चिकलठाण्याला. खाम नदी ओलांडून जालना रस्त्याच्या गर्दीतून तेथवर पोहोचावे लागते.

चिकलठाणा व मुंबई या विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे २८० किलोमीटर आहे. ताशी ८०० किलोमीटर वेग धरला, तर उत्तर २१ मिनिटे येते. परंतु हे उत्तर कागदापुरतेच. एवढ्या छोट्या पल्ल्यात विमानाचे चढणे संपते न संपते तोच उतरणे सुरू होते. त्यात धावपट्टीपर्यंतची संथ चाल आणि मुंबईच्या आकाशातील ताटकळणे यांची भर पडते. म्हणून वेळापत्रकात साधारण तासभर धरलेला असतो.

रेल्वे मनमाडचा वळसा घेते. अंतर पावणेचारशे किलोमीटर, वेळ सहा-सात तास. स्थानक मात्र छावणीला जवळ. विमानाच्या तासात घरून निघणे, सामानाची लवकर हजेरी, तपासणी आणि मुंबईतील टॅक्सी मिळवली, की चार-साडेचार तास सहज होतात. वाचतात ते तीनएक तास. धडधाकट माणसाने त्यांसाठी जादा भाडे मोजावे का, हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न. मात्र आजारी आईवडिलांना उपचारासाठी न्यायचे असेल, तर हे तीन तास मोलाचे ठरतात. अशा वेळी डॉक्टरांची भेट आधी पक्की करावी, तिकीट नंतर काढावे. आणि व्हीलचेअरची मागणी तिकिटाबरोबरच नोंदवावी.