कागदातील चोरवाट

कागद नुसता वाचल्याने घरफोडी होत नाही, ही माणसाची जुनी समजूत संगणकाने खोटी ठरविली आहे. १९९३ साली ॲडोबी कंपनीने आणलेल्या ‘पीडीएफ’ दस्तऐवजात अक्षरांबरोबर चित्रे आणि पुढे आज्ञावलीही सामावू लागली. साहजिकच तो उलगडून दाखविणारी प्रणाली गुंतागुंतीची झाली. आणि गुंतागुंत आली की फटी आल्याच.

फेब्रुवारी २००९ मध्ये अशीच एक फट उघडकीस आली. ‘जेबिग-२’ पद्धतीने साठविलेले चित्र उलगडताना संगणकाच्या स्मृतीची मर्यादा ओलांडली जाई आणि यंत्राचा ताबा परक्याच्या हाती जाऊ शके. कंपनीने १९ फेब्रुवारीस दोष मान्य केला. पहिली दुरुस्ती आली ती १० मार्चला. दरम्यान या फटीतून हल्ले होतच होते. त्याच वर्षी कंपनीने तिमाही दुरुस्त्यांचे वेळापत्रक आखले. २०१० मध्ये दस्तऐवज बंदिस्त कक्षात उघडण्याची सोयही केली. तरी प्रश्न मिटला नाही. २०२१ मध्ये ॲपलच्या फोनमध्ये ‘पेगासस’ शिरले ते याच चित्रपद्धतीच्या हाताळणीतील दुसऱ्या दोषातून. तेथे तर फाइल उघडण्याचीही गरज नव्हती.

दुरुस्ती प्रसिद्ध होताच दोषाचा माग लागतो, हे मात्र विसरता कामा नये. जुनी आणि नवी आवृत्ती ताडून पाहणाऱ्याला नेमकी फट सापडते. म्हणजे ज्याने दुरुस्ती बसविली नाही, त्याचा धोका त्या दिवसापासून कमी न होता वाढतो. कुलूप घरपोच आले, तरी ते दाराला लावायचे काम घरधन्याचेच. ‘नंतर पाहू’ म्हणणाऱ्या कचेऱ्यांनी आपल्या दप्तरात नागरिकांचीही कागदपत्रे आहेत, याचे भान ठेवलेले बरे.