युद्धकाळातील खुर्द्याची टंचाई आणि संस्थानी कूपने

युद्धकाळात नाणी बाजारातून नाहीशी होतात, हा अनुभव अनेक देशांचा आहे. तथापि त्यामागील कारण प्रत्येक वेळी एकच असते, असे नाही. हिंदुस्थानातील दोन उदाहरणांवरून हा भेद स्पष्ट होतो.

पहिल्या महायुद्धात चांदीचा भाव सतत चढत गेला. रुपयाचा विनिमय दर 16 पेन्स होता. लंडनमध्ये चांदी औंसास 43 पेन्सांच्या वर जाताच रुपयातील चांदीच रुपयाहून अधिक मोलाची झाली. साहजिकच रुपये वितळविणे किफायतशीर ठरू लागले. यावर उपाय म्हणून 1917 च्या नोव्हेंबरअखेर एक रुपयाची नोट निघाली व 1918 मध्ये अडीच रुपयांची. 1926 मध्ये दोन्ही बंद झाल्या.

1940 मध्ये परिस्थिती निराळी होती. त्या वेळी रुपयातील चांदीचे मोल दर्शनी मूल्याच्या निम्म्याच्या आसपास होते. म्हणजे वितळवून लाभ नव्हता. फ्रान्सच्या पाडावानंतर लोकांनी रुपये दडवून ठेवले ते कागदी चलनावरील अविश्वासापोटी. सरकारने चांदीचे प्रमाण अकरा-बारांशावरून निम्म्यावर आणले आणि एक रुपयाची नोट पुन्हा काढली. या पहिल्या नोटेवर 1935 हे वर्ष छापलेले असले, तरी ती प्रत्यक्ष व्यवहारात आली 1940 मध्ये. केवळ छापील सालावर विसंबणाऱ्या संग्राहकाची येथे हमखास फसगत होते.

पुढे खुर्द्याचीही चणचण भासू लागली. तांबे वाचविण्यासाठी 1943 पासून भोकाचा पैसा पाडण्यात आला. सौराष्ट्र व राजस्थानातील जुनागढ, मोरवी, नवानगर, बिकानेर, बुंदी इत्यादी संस्थानांनी अल्प मूल्याची ‘कॅश कूपने’ काढली. जाड कागदाच्या वा पुठ्ठ्याच्या या लहान तुकड्यांपैकी पुष्कळांवर सालच नाही. त्यामुळे त्यांचा कालनिर्णय संस्थानाच्या दप्तरातील हुकूम, समकालीन वृत्तपत्रे आणि छपाईची ठेवण यांच्या मेळातूनच करावा लागतो.

संशोधकाचा आणि हौशी संग्राहकाचा मार्ग नेमका येथे वेगळा होतो. संग्राहकाला कोरे, न मळलेले कूपन प्रिय असते. बाजारात मोलही त्यालाच अधिक. परंतु कोऱ्या कूपनावरून ते छापले गेले एवढेच सिद्ध होते. ते चालले की तिजोरीतच पडून राहिले, हे कळत नाही. कडा झिजलेले, तेलकट बोटांचे डाग वागविणारे कूपन हे हातोहात फिरल्याचा साक्षीदार असते. ते धुऊन किंवा कातरून साजरे करणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय. जर्मनीत 1921–22 च्या सुमारास कित्येक नगरांनी रंगीत आपत्कालीन नोटा मुख्यतः संग्राहकांसाठीच छापल्या. त्यांच्या विपुलतेवरून चिल्लरीच्या टंचाईचे मान काढू जाणारा अभ्यासक सर्वस्वी चुकेल.

म्हणून कूपन हाती येताच ते कोणत्या गावी, कोणाकडून व कशाबरोबर मिळाले याची नोंद प्रथम करावी. कागदी खुर्दा जाणूनबुजून कोणी जपला नाही; त्याचे मूल्य उतरताच तो टाकून दिला गेला. जे थोडे शिल्लक आहे, त्याची हकीकत एकदा तुटली की केवळ वस्तू उरते, इतिहास उरत नाही.